नुसतं तोंड आलंय

२०१६ ची संक्रांत. तिळाच्या वडीचा कोपरा वरच्या हिरडीला लागला आणि तिथली कातडी दुधावरच्या साईसारखी सुटून आली. पाक पुढे गेला असेल, वडी कडक झाली असेल, इतकंच तेव्हा मनात आलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या आणि त्याआधी चार ब्लाउजांना हूक लावायचे राहिले होते.

मी कराडला ब्लाउज शिवते. त्या वर्षी माझं वय ४४ होतं आणि शिवणकामाला १८ वर्षं झाली होती. संक्रांत सरली की लग्नसराईची कामं अंगावर येतात, त्यामुळे तोंडातल्या जखमेकडे बघायला सवड नव्हती. आठ दिवसांत भरेल म्हटलं, तर तिच्या शेजारी दुसरी झाली. मग गालाच्या आतून, मग टाळूला. सासूबाई म्हणाल्या, "नुसतं तोंड आलंय. जागरणाची उष्णता आहे, दुसरं काय." जाईचा पाला चावला, तूप लावलं, सब्जा भिजवून प्यायले. औषधाच्या दुकानातून बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणल्या. कशानेच उतार पडला नाही.

साध्या तोंड येण्यात आणि ह्यात फरक काय, असं आता मला कुणी विचारलं तर मी सांगू शकते. साधा व्रण गोल असतो, मध्ये पांढरट-पिवळा, कडेला लाल, आणि आठ-पंधरा दिवसांत आपला आपण भरतो. माझ्या जखमांना आकारच नव्हता. कडेला कातडीच्या चिंध्या लोंबायच्या आणि घास लागला की जखम पुढे सरकायची. जुनी भरायच्या आत नवी व्हायची. पण हे कळायला मला जे दिवस घालवावे लागले, ते परत मिळत नाहीत.

चार महिन्यांत मी पाच दवाखाने फिरले. एका ठिकाणी हिरड्या सुजल्यात म्हणून दात साफ करून दिले, तेव्हा यंत्र लागलं तिथून कातडी पट्टीने निघाली. एका ठिकाणी बुरशी आहे म्हणून लावायचं औषध दिलं. एका डॉक्टरांनी बराच वेळ टॉर्च मारून बघितलं आणि विचारलं, "मिश्री लावता का?" मी लावत नाही. सासूबाई लावतात. तुकडा काढून तपासू या, असं ते म्हणाले आणि त्या क्षणापासून घरात एकच शब्द फिरायला लागला, जो कुणी मोठ्याने उच्चारत नव्हतं. "सुई लागली की पसरतं," असं नात्यातल्या एकांनी सांगितलं. मी तुकडा काढायला गेले नाही. त्या भीतीत माझे सहा आठवडे गेले. त्या डॉक्टरांचं निदान बरोबर नसेलही, पण सांगितलेली तपासणी बरोबर होती, आणि मी ती टाळली.

तोवर भाकरी सुटली होती. ठेचा, लोणचं, भाजलेले शेंगदाणे दूरच राहिले, वरणातली मिरचीसुद्धा झोंबायची. मऊ भात दुधात कुस्करून, तोही गार झाल्यावर. पेज पसरट ताटात ओतून गार करायची आणि जखमा डावीकडे असल्या तर उजवीकडून गिळायची. टूथपेस्टचा फेस लागला तरी डोळ्यांत पाणी यायचं. सकाळी उठले की ओठ एकमेकांना चिकटलेले असायचे आणि उशीवर रक्ताचे ठिपके. वजन ५८ वरून ५० वर आलं. आवाज बसला तो बसलाच. मुलगी तेव्हा बारावीत होती. तिच्या परीक्षेच्या दिवसांत मी तिच्याशी पाटीवर लिहून बोलत होते.

मे महिन्यात पहिला फोड अंगावर आला. छातीवर, जिथे कपड्याची कड घासते तिथे. सैल, पाण्याने भरलेला, पदर लागला तरी फुटेल असा. फुटला आणि खाली ओली लाल जागा उघडी पडली, आणि ती भरायची सोडून कडेने वाढत राहिली. चार दिवसांनी पाठीवर, मग डोक्यात. शेजारच्या काकू म्हणाल्या, "नागीण आहे ही, गेरू लावा." लावला. नागीण बहुधा अंगाच्या एका बाजूला, पट्ट्यासारखी उठते आणि तिचे फोड घोसाने येतात. माझे फोड दोन्ही बाजूंना कुठेही येत होते. हेही मागाहून कळलं.

शेवटी कराडमधल्याच एका त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेले. तोंडासाठी त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं असतं हे मला, घरात कुणालाच, सुचलं नव्हतं. त्यांनी आधी तोंड बघितलं. मग फोडाजवळच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीवर अंगठा ठेवून हलकेच बाजूला ढकललं. कातडी सरकली. अस्तरावरून वरचं कापड सरकावं तशी. त्या काही क्षण बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "ताई, किती महिने झाले ह्याला?"

फुटलेल्या फोडाचा तळ खरवडून त्यांनी काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. एकमेकींपासून सुटलेल्या गोल पेशी दिसल्या. त्या म्हणाल्या, हा पेम्फिगस व्हल्गॅरिस असावा, पण नक्की करायला पुण्याला जा. चिठ्ठी दिली आणि वर लिहिलं, तातडीचे.

पुण्यात दोन तुकडे काढले, प्रत्येकी ज्वारीच्या दाण्याएवढा. एक नव्या फोडाच्या कडेचा. दुसरा फोडाशेजारच्या, दिसायला चांगल्या असलेल्या कातडीचा, आणि तो वेगळ्या द्रवात ठेवला, कारण नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये घातला तर ती दुसरी तपासणी होऊच शकत नाही. त्या तपासणीत पेशींच्या मधल्या जागा जाळ्यासारख्या उजळून दिसतात. त्या जागी आपल्याच शरीराच्या अँटीबॉडी बसलेल्या असतात. माझ्या अहवालात तेच निघालं. रक्त तपासून त्या अँटीबॉडींचे दोन आकडे काढले. तेव्हापासून ते दोन आकडे माझ्या घरात विजेच्या बिलासारखे सगळ्यांना पाठ आहेत.

तिथल्या तरुण डॉक्टरांनी मला हा आजार ज्या तऱ्हेने सांगितला, त्यासाठी मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे. त्यांनी विचारलं, "मावशी, काम काय करता?" मी म्हटलं, शिवण. ते म्हणाले, मग तुम्हाला लगेच कळेल. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशी एकमेकींना टिचबटणांनी जोडलेल्या असतात. त्या जोडाला डेस्मोसोम म्हणतात आणि बटण ज्या प्रथिनाचं असतं, त्याला डेस्मोग्लिन. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून ह्या प्रथिनालाच शत्रू समजते, त्याच्यावर अँटीबॉडी सोडते, आणि बटणं उघडायला लागतात. पेशी सुट्या होतात, मधल्या फटीत पाणी भरतं, तो फोड.

मी विचारलं, मग आधी तोंडातच का? त्याचंही उत्तर होतं. डेस्मोग्लिन दोन जातींचं महत्त्वाचं, १ आणि ३. तोंडाच्या अस्तराची मदार जवळजवळ सगळी ३ वर असते. कातडीत दोन्ही असतात. त्यामुळे सुरुवातीला जेव्हा फक्त ३ च्या विरोधात अँटीबॉडी होत्या, तेव्हा तोंड उसवलं, पण कातडी १ च्या जोरावर तगून राहिली. चार महिन्यांनी १ च्याही विरोधात झाल्या आणि अंगावर फोड आले. ज्यांना हा आजार होतो, त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांना तो आधी तोंडातच दिसतो. म्हणजे माझ्या तोंडाने मला चार महिने आधी सांगितलं होतं.

ह्या आजाराची लागण होत नाही. एका ताटात जेवलं, एक टॉवेल वापरला, तरी नाही. आईकडून मुलीला सरळ येतो असंही नाही. काही रक्तगटांसारखे जनुकांचे प्रकार असतात, ते असलेल्यांना शक्यता थोडी जास्त, इतकंच. हे मी डॉक्टरांकडून तीनदा वदवून घेतलं, कारण दारात मुलगी उभी होती.

गावी सासूबाईंच्या एका आत्याला "अंगावर फोड येऊन" मरण आलं होतं. तिला केळीच्या पानावर निजवत, कारण वाकळ अंगाला चिकटे. कुणी देवीचा कोप म्हटलं, कुणी आणखी काही. तिला नेमकं काय झालं होतं ते आता कुणी सांगू शकणार नाही. पण १९५० च्या सुमाराला स्टेरॉइड औषधं वापरात येण्याआधी पेम्फिगसचे बहुतेक रुग्ण दगावत असत, उघड्या कातडीतून पाणी जाऊन आणि जंतू शिरून. हा आजार शरीराच्या स्वतःच्या अँटीबॉडींमुळे होतो, हे कळलं १९६४ साली, अमेरिकेत अर्न्स्ट ब्यूटनर आणि रॉबर्ट जॉर्डन यांच्या कामातून. माझ्या जन्माच्या आठ वर्षं आधी. मुलीने हे वाचून दाखवलं त्या रात्री मी पहिल्यांदा शांत झोपले. आपण त्या आत्यापेक्षा वेगळ्या काळात आजारी पडलोय, एवढाच आधार पुरला.

औषध सुरू झालं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोला एक. सोबत अॅझाथायोप्रिन, शरीराच्या संरक्षक यंत्रणेला आवर घालणारं, ज्याच्यासाठी दर काही आठवड्यांनी रक्तातल्या पेशी आणि यकृत तपासायचं. हाडांसाठी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, पोटासाठी आणखी एक गोळी, तोंडात लावायचा मलम. तीन आठवड्यांत नवे फोड थांबले. तोंड सगळ्यात शेवटी भरलं. गणपतीत मी मोदक खाल्ला, उकडीचा, कोमट, आठ महिन्यांनी पहिला गोड घास.

दिवाळीपर्यंत चेहरा गोल झाला होता. मी माझ्या मापाच्या वहीत माझंच पान उघडलं. मे महिन्यात छाती ३२ होती, नोव्हेंबरला ३८. दंडघेर मात्र कमी झालेला, कारण स्टेरॉइड पोटावर आणि चेहऱ्यावर चढवतं आणि दंड-मांड्यांचे स्नायू झिजवतं. भेटेल तो म्हणे, "तब्येत छान सुधारली की." रात्री तीनला जाग यायची ती यायचीच. भूक अशी लागायची की पोळ्या डब्यात राहू नयेत. क्षुल्लक कारणावरून मी मुलीवर ओरडायचे आणि मग न्हाणीघरात रडायचे. ह्यातलं बरंचसं औषधाने होतं, हे आधी कुणी नीट बसवून सांगितलं असतं तर मी स्वतःला इतका दोष दिला नसता.

आणि मग मी ती चूक केली.

जानेवारी २०१७ मध्ये गोळी ५० वरून उतरत १५ वर आली होती. अंगावर एक फोड नव्हता. नात्यातल्या लग्नात कुणीतरी म्हणालं, स्टेरॉइड म्हणजे विष, हाडं पोखरतं, किडनी खातं. आणि एका माणसाचा पत्ता दिला, जो हे सगळं मुळासकट काढतो. त्याच्याकडची पुडी आणली. त्याची अट होती की बाकीच्या सगळ्या गोळ्या बंद. मी त्याच दिवशी बंद केल्या. ह्यांना सांगितलंसुद्धा नाही, कारण हे नको म्हणाले असते.

चौथ्या दिवशी चक्कर, उलट्या, उठून उभं राहायचं बळ नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं: स्टेरॉइड शरीर रोज स्वतःही बनवतं, मूत्रपिंडावरच्या छोट्या ग्रंथींत. बाहेरून महिनोन्‌महिने मिळालं की त्या ग्रंथी काम थांबवतात. गोळी हळूहळू उतरवायची ती त्यांना पुन्हा जाग यायला वेळ मिळावा म्हणून. एकदम बंद केली तर शरीर उघड्यावर पडतं, जीवही जाऊ शकतो. मी त्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे.

तिसऱ्या आठवड्यात फोड आले. ह्या वेळी थांबत थांबत नाही. पाठ, पोट, काखा, मांड्या, डोकं. महाशिवरात्रीला मी पुण्यात वॉर्डात होते आणि २६ दिवस तिथेच राहिले.

त्या दिवसांबद्दल लिहिताना हात जड होतो, तरी लिहिते, कारण ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना ह्याची तयारी हवी. पाठीची कातडी इतकी गेली होती की चादर चिकटायची. कूस बदलली की चादरीबरोबर अंग निघायचं. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी केळीचं पान आणलं. स्वच्छ केलेलं, निर्जंतुक केलेलं, शीर काढलेलं. ते खाटेवर पसरलं, वर पातळ पॅराफिन लावलं आणि मला त्यावर निजवलं. गार, गुळगुळीत, कुठेही न चिकटणारं. मला सासूबाईंची आत्या आठवली आणि अंगावर काटा आला. सिस्टर म्हणाल्या, "घाबरू नका, हे जुनं आहे म्हणून वाईट नाही." खरंच होतं ते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर केळीच्या पानाचं ड्रेसिंग वापरून त्याचा रीतसर अभ्यास केला आणि तो २००३ साली प्रसिद्ध झाला. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे काढताना नवी आलेली कातडी सोबत निघत नाही, आणि वेदना पुष्कळ कमी होतात. त्या आत्याच्या अंगाखाली पान होतं, पण वरून औषध नव्हतं. माझ्याकडे दोन्ही होतं.

रोज सकाळी डॉक्टर नवे फोड मोजायचे. मोजून लिहायचे. पहिल्या आठवड्यात १७, २१, १९. औषधाचा गुण ह्या नव्या फोडांच्या आकड्यावरून ओळखतात, जुन्या जखमा किती दिसतात ह्यावरून नाही. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्याने जखमा धुवायच्या. जखमेतला नमुना तपासायला गेला, जंतू निघाले, प्रतिजैविकं सुरू झाली. पुन्हा मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, त्याने साखर चढली, मग इन्शुलिन. एका आजाराच्या औषधातून दुसरा उपटतो तेव्हा माणूस खचतो. पण त्या डॉक्टरांनी क्रम स्पष्ट ठेवला होता: आधी जीव, मग कातडी, मग साखर आणि हाडं.

शेजारच्या खाटेवरच्या मावशी दर २८ दिवसांनी तीन दिवस येत. त्यांना पल्स चालू होती. ही पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरीचा यांनी १९८० च्या दशकात बसवली. तीन दिवस लागोपाठ सलाईनमधून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १०० मिलिग्रॅम, त्यातल्या एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड ५०० मिलिग्रॅम, आणि मधल्या दिवसांत रोज सायक्लोफॉस्फामाइडचीच छोटी गोळी. सगळं अंग बरं झाल्यावरही नऊ महिने पल्स चालूच ठेवतात. मावशींना सलाईन लागलं की उचक्या लागायच्या, तोंड कडू व्हायचं, दिवसभर तांब्या तांब्या पाणी प्यायच्या, मूत्राशयाला इजा होऊ नये म्हणून. त्यांनी मला कंगव्याने केस विंचरून दिले, डोक्यातल्या जखमा चुकवत. "पोरी, मी पण असंच सोललं जाऊन आले होते," म्हणाल्या. माझ्या बरं होण्यात त्या वाक्याचा वाटा औषधाइतका होता असं मी म्हणणार नाही. पण त्या रात्री मी गोळ्या गिळल्या त्या विश्वासाने.

मला दुसरा मार्ग सुचवला गेला, रिटुक्सिमॅब. अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी ज्या बी पेशींपासून तयार होतात, त्या बी पेशींवर एक खूण असते. हे औषध ती खूण ओळखून त्यांना संपवतं. एक ग्रॅम आज, एक ग्रॅम पंधरा दिवसांनी. आधी काविळीच्या बी विषाणूची, एचआयव्हीची आणि क्षयाची तपासणी, कारण लपलेला जंतू ह्या औषधानंतर डोकं वर काढू शकतो. खर्च मोठा होता. माझ्या पाटल्या मोडल्या. आईने दिलेल्या होत्या. आईच म्हणाली, "सोनं अंगावर घालायला आधी अंग पाहिजे."

पहिल्या सलाईनला अर्ध्या तासात थंडी भरली, घशात खाज आली. सिस्टरांनी लगेच थेंब कमी केले, इंजेक्शन दिलं, तासाभराने पुन्हा सावकाश सुरू केलं. पूर्ण जायला संध्याकाळ झाली. हे बाहेर स्टुलावर बसून होते, डबा न उघडता. मला वाटलं दुसऱ्या दिवशी फोड थांबतील. नाही थांबले. आधीच रक्तात फिरत असलेल्या अँटीबॉडी विरायला आठवडे लागतात. १४ व्या दिवशी नवे फोड ९ होते. दुसऱ्या सलाईननंतर ४, मग २. एका सकाळी डॉक्टरांनी मला पुढून-मागून बघितलं, वहीत शून्य लिहिलं आणि वही माझ्याकडे फिरवली.

घरी आले तेव्हा पाठीवर काळे डाग होते. ह्या आजाराचे कायमचे वण राहत नाहीत, कारण फोड कातडीच्या वरच्याच थरात होतात. रंग हळूहळू उतरतो. गिऱ्हाईक मात्र पांगलं होतं. एक बाई शिवायला दिलेलं कापड परत घेऊन गेली, तेही मुलीच्या हातातून, माझ्या नाही. लागण होत नाही हे मी दारात उभी राहून किती जणींना सांगितलं असेल. मग एक जुनी गिऱ्हाईक आली, बऱ्याच वर्षांपासूनची. पंखा लावून बसली, पाणी मागून प्यायली आणि हात पसरून म्हणाली, "घे माप." तिच्या दंडाभोवती टेप धरताना माझे हात थरथरत होते. त्या दिवसानंतर काम परत आलं.

ह्या वेळी गोळी उतरवायला १४ महिने घेतले. मापाच्या वहीतच मी रकाने आखले: तारीख, मात्रा, तोंड, डोकं, पाठ, साखर. दर पंधरा दिवसांनी ५ मिलिग्रॅम कमी. १० च्या खाली आल्यावर अडीच-अडीच, आणि मध्ये थांबत. त्यात शुगर उतरली, चेहरा उतरला. हाडांची घनता तपासली तर कमी आली होती, म्हणून आठवड्यातून एक गोळी सुरू झाली, उपाशीपोटी, पाणी भरपूर आणि अर्धा तास आडवं न होता. जून २०१८ मध्ये प्रेडनिसोलोन बंद झालं. बंद झालं म्हणजे डॉक्टरांनी बंद केलं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये खालच्या ओठाच्या आत डाळीएवढी जखम झाली. मी वहीत लिहिलं, सात दिवस बघितलं, आठव्या दिवशी पुण्याची एसटी पकडली. आकडा पुन्हा थोडा चढला होता. बी पेशी काही महिन्यांनी परत तयार होतात आणि त्यांच्यातल्या काही जुनं वैर विसरलेल्या नसतात. रिटुक्सिमॅबचा एक छोटा डोस आणि थोडे महिने हलकी गोळी, एवढ्यावर भागलं. अंगावर एकही फोड आला नाही. पहिल्या वेळी निदानाला चार महिने लागले होते, ह्या वेळी आठ दिवस. पाच महिन्यांनी टाळेबंदी लागली. त्या काळात मी दारापाशीही गेले नाही. मापं मुलगी घ्यायची आणि डॉक्टरांना तोंडाचे फोटो मोबाइलवर जायचे. करोनाची लस कधी घ्यायची हे मी त्यांना विचारूनच ठरवलं, कारण रिटुक्सिमॅबनंतर काही महिने लस नीट लागू पडत नाही.

रोजच्या गोष्टी आता हाताला वळण पडल्यासारख्या होतात. लहान मुलांचा मऊ ब्रश, पुदिन्याचा वास नसलेली, कमी फेसाची पेस्ट. दाताचं काही करायचं तर आधी सांगायचं, मला पेम्फिगस आहे. चकली, पापड, कुरकुरीत काही तोंडात विरघळवूनच. पर्समध्ये एक कार्ड असतं, त्यावर आजाराचं नाव, औषधं आणि मी दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याची नोंद, म्हणजे अपघात झाला, ऑपरेशन लागलं, तर तिथल्या डॉक्टरांना कळावं. नवं औषध, मग ते आयुर्वेदिक असो की दुकानातलं, विचारल्याशिवाय नाही. ताप आला तर घरगुती काढ्यावर दोन दिवस काढत नाही.

आणि कपडे. ह्याबद्दल मला जास्त बोलता येतं. आजारात माझ्या लक्षात आलं की ब्लाउजाची शिलाई, जिच्यावर मी आयुष्यभर इस्त्री फिरवली, ती आतल्या बाजूला केवढी टोचते. मी माझ्यासाठी उलटा ब्लाउज शिवला. शिलाई बाहेर, अंगाला सपाट कापड, मलमलचं अस्तर, काखेत चौकोनी कळी घालून सैल, हुकांच्या जागी नाडी. मग वॉर्डातल्या बायका आठवल्या, ज्यांना गाऊन डोक्यावरून घालताना पाठ सोलायची. जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साड्यांची मी मोठ्या माणसांची झबली शिवते, पुढून पूर्ण उघडी, चार नाड्यांची, म्हणजे निजल्या जागी अंगाखाली सरकवून बांधता येतील. तपासणीला जाते तेव्हा आठ-दहा घेऊन जाते. सिस्टर आता कापडाचा अंदाज सांगतात, उन्हाळ्यात बिनबाहीची जास्त.

मागच्या पंधरवड्यात जेवताना डाव्या गालाच्या आत काहीतरी लागलं. रक्ताची चव आली. हात धुतला, मोबाइलचा उजेड लावून आरशात बघितलं, वहीत तारीख घातली. मुलगी बाळाला घेऊन माहेरी आलेली आहे, ती मागे येऊन उभी राहिली, काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बघितलं. तिसऱ्या दिवशी बघितलं. जखम गोल होती, कड नीट होती, शेजारची कातडी घट्ट होती. पाचव्या दिवशी भरून आली. दाताखाली गाल आला होता, बाकी काही नव्हतं. तसं वहीत लिहिलं.